पुस्तकातला वारा

उन्हाळा असा मातला होता, की सकाळी सहाला गॅलरीच्या कठड्याला हात लावावा तर तो कोमट लागायचा. वारा म्हणून औषधाला नव्हता. समोरच्या गच्चीवर कुणाचा तरी पायजमा वाळत होता, तो आदल्या संध्याकाळी जसा लोंबत होता तसाच अजून लोंबत होता. बाकीची इमारत गरमीला शिव्या घालत जागी होत होती. हॅलोबाईंना मात्र अशीच सकाळ हवी असायची. वारा नाही म्हणजे खिडक्या वाजत नाहीत, आणि खिडक्या वाजल्या नाहीत की काम चोख होतं.

कामाच्या आधीची कामं ठरलेली होती. पाणी भरायचं, कुंड्यांना दोन-दोन तांबे घालायचे, आणि मग घरातला एकेक आवाज वेचून बंद करत सुटायचं. भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात कपड्यांच्या ढिगाखाली ठेवायचं. नळाच्या तोंडाला फडकं बांधायचं. छताचा पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याला टेकवून ठेवायच्या. ही युक्ती सुचण्याआधी एकदा दूध नासलं होतं आणि नणंदबाईंनी ते आठ दिवस तोंडी लावायला घेतलं होतं.

एवढं झालं की मानेभोवती ओला टॉवेल गुंडाळून हॅलोबाई अडगळीच्या खोलीत शिरायच्या, दार लावायच्या, माईकसमोर बसायच्या आणि दृष्टी नसलेल्या माणसांसाठी पुस्तक वाचायच्या. श्राव्य ग्रंथालयासाठी घरी बसून पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी अशी सहा माणसं गावात होती. त्यांतल्या हॅलोबाई सगळ्यांत जुन्या. अकरा वर्षांत त्रेसष्ट पुस्तकं झाली होती.

त्याआधी बत्तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. हे नाव तिथलंच. मंडईत त्यांनी भेंडीचा भाव विचारला तरी चार माणसं वळून बघायची, कारण तो आवाज सगळ्यांनी कधी ना कधी कानाला लावलेला होता. लग्नं त्यांच्या आवाजातून ठरली होती, मरणाच्या बातम्या त्यांच्या आवाजामागून आल्या होत्या. मग एक दिवस एक्स्चेंज स्वयंचलित झालं. लोक आपापले आकडे फिरवू लागले, आणि हॅलोबाईंना एक पुष्पगुच्छ आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं. त्यानंतरचं एक वर्ष त्या फारशा बोलल्याच नाहीत. नणंदबाई सांगायच्या, "वहिनी घरात आहे की नाही हे भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचे मी." ग्रंथालयानं पहिलं पुस्तक हातात दिलं आणि आवाज परत आला. म्हणून ते काम त्यांच्या लेखी फावल्या वेळातलं नव्हतं.

त्या मंगळवारी वाचन आटोपून, किल्ल्या गार झाल्यात म्हणून त्या गालाला लावत होत्या, तोच ग्रंथालयाच्या चिटणीसांचा फोन आला. चिटणीस मऊ बोलणारे. वाईट बातमी द्यायची असली की आणखी मऊ होत.

"बाई, जरा एक... म्हणजे श्रोत्यांचं म्हणणं असं आहे, की तुमच्या पुस्तकात वारा येतो."

"येणारच की," हॅलोबाई हसल्या. "समुद्रावरचं पुस्तक आहे. जहाज काय चुलीवर चालतं?"

"तसा नव्हे हो. कप्तान खालच्या खोलीत दार लावून जेवायला बसतो, तिथंही येतो. मध्येच घोंघावतो, मध्येच थांबतो. काहींचं डोकं दुखतं म्हणे. शनिवारी श्रोत्यांच्या समितीची सभा आहे. कुणीतरी सूचना मांडलीय, की हे पुस्तक इथून पुढं यंत्राच्या आवाजात करून घ्यावं. आता ती सोय आहे, पटकन होतं... तर शनिवारच्या आत तुम्ही एक प्रकरण स्वच्छ पाठवलंत, तर मी ते सभेत ऐकवतो. मग समिती काय ते ठरवेल."

"आणि नाही आवडलं तर?"

चिटणीस इतके मऊ झाले, की त्यांचं बोलणं ऐकूच येईना.

हॅलोबाईंनी फोन ठेवला. बावीस प्रकरणं वाचून झाली होती, नऊ राहिली होती. पुढचं एकच प्रकरण आधी वाचून ठेवायचं, त्याहून पुढं डोकवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळं जहाजावरचा तो वात्रट खानसामा जगतो की मरतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण खरी कळ निराळीच होती. एका यंत्रानं त्यांना एकदा घरी पाठवलं होतं. आता त्या घरीच होत्या. इथून आणखी कुठं पाठवणार?

वारा कुठून येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयानं जुनी टेपयंत्रं परत घेऊन प्रत्येक वाचकाला एक कॉम्प्युटर दिला होता. गुडघ्याएवढा काळा डबा टेबलाखाली बसलेला असायचा. त्याच्या पोटात एक पंखा होता. सुरुवातीला तो पुटपुटायचा, मग हळूहळू त्याला कंठ फुटला. हिवाळ्यात पहिल्यांदा खटकलं तेव्हा नणंदबाईंनी उपाय सांगितला होता.

नणंदबाई म्हणजे हॅलोबाईंच्या यजमानांची बहीण. सरकारी इस्पितळात पस्तीस वर्षं नर्स, शेवटची दहा मेट्रन. भाऊ गेल्यापासून त्या वहिनीकडेच राहायच्या आणि घर वॉर्डासारखं चालवायच्या. "गुंडाळ त्याला," त्या म्हणाल्या होत्या, आणि एक जाड दुलई डब्याभोवती लपेटून टाचण्या लावून दिल्या होत्या. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी डबा पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडू लागला. तेव्हा दुसरी दुलई आली.

मंगळवारी दुपारी चिटणीसांचं बोलणं ऐकून नणंदबाई ताडकन उठल्या. "वाऱ्याचा बंदोबस्त मी करते," म्हणाल्या, आणि ट्रंकेतून लोकरीचं कांबळं काढलं. निरोपाच्या दिवशी वॉर्डानं दिलेलं, कोपऱ्यावर वॉर्डाचा आकडा विणलेलं. ते त्यांनी डब्याच्या डोक्यावरून असं ओढून घेतलं, की फक्त तारा बाहेर राहिल्या.

"आता बोल म्हणावं," त्या म्हणाल्या.

बुधवारी सकाळी हॅलोबाईंनी तेविसावं प्रकरण लावलं. वादळाचं प्रकरण. त्या अगदी रंगात आल्या होत्या. शिडाची काठी मोडली, दोर तुटले, खानसामा रांगत रांगत डेकवर निघाला, "आणि तेवढ्यात डोंगराएवढी लाट..." असं त्या म्हणताहेत, तोच पडदा काळा झाला. डबा मेला. चाळीस मिनिटांचं वाचन लाटेसकट गडप.

आणि खोलीत अशी शांतता पसरली, जशी दोन वर्षांत त्या खोलीला मिळाली नव्हती. हॅलोबाईंना रडू येण्याऐवजी हसू आलं. एवढी स्वच्छ शांतता, आणि ध्वनिमुद्रण करायला यंत्र नाही! त्यांनी खाली वाकून कांबळ्यावर हात ठेवला. इस्त्री फिरवावी तसं तापलेलं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडून खरखरीत, घाई नसलेला आवाज आला.

"बाई, मी तो. तुमची तक्रार करणारा."

हॅलोबाईंचा पारा चढला. "वा! आणि वर फोन करून सांगता?"

"मग काय चिठ्ठी पाठवू? बघा, तुमच्या आवाजाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमचा आवाज झकास. तुमच्या मागं जो बोलतो ना, त्याच्याशी माझं भांडण आहे."

"माझ्या मागं कुणी बोलत नाही."

"बोलतो. पहिली चार मिनिटं तोंड मिटून असतो. मग एकदम वर चढतो, दोन मिनिटं ओरडतो, खाली उतरतो, परत चढतो. बाविसाव्या प्रकरणात सतरा वेळा चढला. मोजलेत मी."

हे पंपकाका. ग्रंथालयात सगळे त्यांना हेच म्हणत. जन्मापासून दृष्टी नाही, पण पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणीच्या बाकावर नोकरी केलेली. नवा पंप चालू करून पुढं ठेवला, की लाकडी दांड्याचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावायचं, आणि सांगायचं, "पाठवा," नाहीतर "उघडा, बेअरिंग खातंय." त्यांनी "पाठवा" म्हटलेला एकही पंप परत आला नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि खोडून काढायला कुणी हजर नसे.

"आणखी एक," पंपकाका म्हणाले. "तो आवाज गादीखालून आल्यासारखा येतो. काय घातलंय त्याच्या अंगावर?"

हॅलोबाईंनी टेबलाखाली बघितलं.

"बाई?"

"दुलई."

"एकच?"

"दोन. आणि... एक कांबळं."

पलीकडून खुसखुस ऐकू आली.

"काका, हसू नका."

"हसतोय कुठं? ठसका लागलाय." ते पुन्हा ठसकले. "अहो, पंखा हौसेनं ओरडत नाही. आत एक प्रोसेसर असतो, सगळी हिशेबाची डोकेफोड तो करतो, आणि काम वाढलं की तापतो. ताप किती आहे ते बघून पंख्याला हुकूम जातो, जोरात फिर म्हणून. तुम्ही गुंडाळणार तसा ताप वाढणार, ताप वाढला की हा ओरडणार. आज बंद पडला का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पडणारच. बिचारा जीव वाचवायला झोपला."

नणंदबाई दारात उभ्या राहून कान देत होत्या. फोनचा आवाज मोठा होता आणि 'ताप' हा शब्द त्यांना कुठूनही ऐकू जायचा. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं. पस्तीस वर्षं मी तापाच्या माणसांवरची पांघरुणं ओढून काढली. नातेवाइकांशी भांडले. 'अहो गुंडाळू नका, कपाळावर ओली पट्टी ठेवा' म्हणून घसा फोडला. आणि माझ्याच घरात, वॉर्डाच्या कांबळ्याखाली..." त्या खाली बसल्या आणि डब्याची पांघरुणं अशा घाईनं सोडवू लागल्या, की टाचणी बोटात गेली.

उघडल्यावर कळलं, की नुसतं पांघरूण काढून भागणार नाही. डब्याच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. दुलईतला कापूस आत ओढला गेला होता. नणंदबाईंनी वायर काढायला लावली, हात धुतले, बाजूचा पत्रा उतरवला आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं पंख्याचं एकेक पातं असं पुसलं, की जणू जखम पुसताहेत. निघालेला कापूस वर्तमानपत्रावर ठेवला. छोटी उशी भरली असती.

डबा सुरू झाला, पण पुटपुट आणि ओरडा चालूच. ताप उतरला तरी स्वभाव गेला नव्हता.

"पंख्याला हुकूम देणारं आत कुठंतरी लिहिलेलं असतं," पंपकाका फोनवर म्हणाले. "माझ्या कारखान्यात त्याला वाल्व्ह होता, हातानं पिळायचो. तुमच्यात कुठं ते मला नाही ठाऊक. यंत्राबरोबर पुस्तिका आली असेल ना?"

पुस्तिका आली होती. ती खात्रीपत्रांच्या पिशवीत, मिक्सरच्या कागदाखाली सापडली. कुणीतरी भाषांतर केलेलं होतं आणि ते करणाऱ्याचा दोन्ही भाषांशी जुना वैरभाव असावा. पण हॅलोबाईंना समोर छापील पान आलं की आवाज आपोआप लागायचा. त्यांनी चष्मा चढवला, फोनचा स्पीकर चालू केला.

"पान एक्केचाळीस," त्या वादळी समुद्राच्या सुरात वाचू लागल्या. "प्रक्रियकाच्या पंख्याच्या गतीचे स्वयंचलित नियंत्रण. यंत्र सुरू होत असताना वापरकर्त्याने डिलीट ही कळ वारंवार दाबावी..."

"थांब!" नणंदबाईंनी त्यांचा हातच धरला. "डिलीट? अगं सगळी पुस्तकं पुसून जातील! त्रेसष्ट!"

"वन्सं, पुस्तिकेत लिहिलंय."

"पुस्तिकेत काय, कुणीही काहीही लिहितो."

"नाही पुसत," फोनमधून पंपकाका म्हणाले. "सुरू होताना दाबली की ते आतल्या खोलीचं दार. वाचा पुढं, बाई. छान वाचताय."

दार उघडलं. पडद्यावर आकडेच आकडे, आणि कोपऱ्यात एक आलेख. खालच्या रेघेवर प्रोसेसरचा ताप, उभ्या रेघेवर पंख्याचा वेग. चार ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. ती रेघ पन्नास अंशांपर्यंत जमिनीवर लोळत होती आणि पन्नासला भिंतीसारखी सरळ वर गेली होती. शेजारी नाव लिहिलेलं, 'टर्बो'.

हॅलोबाईंना तो आलेख म्हणजे अडाण्यापुढं गणित होता. नणंदबाई मात्र पुढं सरकल्या.

"हा तर तापाचा तक्ता," त्या म्हणाल्या. "खाटेच्या पायाशी लावतो तो. आणि हे बघ, याचा डॉक्टर कसा आहे ते. एकोणपन्नासला झोपलेला, पन्नासला धावत सुटलेला. पेशंट पन्नासच्या आजूबाजूलाच घुटमळतोय, म्हणून हा उठतोय, पळतोय, परत झोपतोय. सतरा वेळा!"

"बरोबर," पंपकाका ओरडले. "अगदी बरोबर! कोण बोललं ते?"

"माझ्या नणंद. मेट्रन होत्या."

"कारखान्यात असत्या तर मी लवकर निवृत्त झालो असतो."

नणंदबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पदर सारखा केला.

पहिला प्रयोग हॅलोबाईंच्या हातून झाला आणि तो चुकला. आवाज नको ना, मग काय, त्यांनी चारही ठिपके ओढून तळाला बसवले. पंखा मावळला. खोली स्वच्छ झाली. हॅलोबाई टाळी वाजवायला निघाल्या, पण नणंदबाईंचे डोळे तापाच्या आकड्यावर खिळले होते.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. "त्रेसष्ट. वहिनी, एकोणसत्तर."

"गप्प आहे ना पण."

"पेशंट गप्प आहे म्हणजे बरा आहे, असं तुला कुणी सांगितलं? चौऱ्याहत्तर! वहिनी, मला हे बघवत नाही. ठिपका वर कर. वर कर म्हणते ना!"

हॅलोबाईंनी घाबरून ठिपके वर नेले आणि डबा विमानासारखा कोकलला. फोनमधून पंपकाकांनी "आई गं" म्हटलं.

मग सगळ्यांनी चहा घेतला. पंपकाकांनी त्यांच्या घरी घेतला, पण बशीचा आवाज आला.

"बाई," चहा संपवून ते म्हणाले, "पंखा गप्प करायच्या नादाला लागू नका. गप्प झालेल्या पंपाला मी कधी पास केलं नाही. एकसारखा चालू द्या. एकसारख्या आवाजाला कान दोन मिनिटांत विसरतो. चढला-उतरला, की परत जागा होतो. माईकजवळ फोन ठेवा आणि एकेक पायरी वर घ्या. मी सांगतो."

पुढचा तास तीन माणसं एका पंख्यामागं लागली. हॅलोबाई ठिपका सरकवायच्या आणि आकडा वाचायच्या, पंपकाका पलीकडून ऐकायचे, नणंदबाई ताप सांभाळायच्या. तीस टक्के वेगाला काका म्हणाले, "ऐकू येत नाही." चाळिसाला, "येतो, पण सभ्य आहे." पंचावन्नला ते एकदम म्हणाले, "तिथून हला! पत्रा गातोय." खरंच, पंचावन्नला डब्याचा पत्रा पंख्याबरोबर सूर धरत होता. पंचावन्नच्या आसपास थांबायचंच नाही असं ठरलं. शेवटी रेघ अशी बसली: गार असताना चाळीस टक्क्यांवर सावकाश फिरत राहायचं, अजिबात झोपायचं नाही. ताप साठ अंशांच्या पुढं गेला की हळूहळू चढायचं, घाटरस्त्यासारखं. आणि पंचाहत्तर अंशांना पूर्ण जोर, काही झालं तरी. हा शेवटचा ठिपका नणंदबाईंनी स्वतः बसवला आणि त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

आलेखाखाली आणखी एक रकाना होता. "वेगवाढीचा विलंब," हॅलोबाईंनी पुस्तिकेतून वाचलं. "तापमानातील क्षणिक वाढीस प्रतिसाद देण्यापूर्वी पंख्याने किती सेकंद थांबावे ते येथे भरावे." तिथं शून्य होतं.

"म्हणजे पेशंट शिंकला की लगेच डॉक्टर धावतो," नणंदबाई म्हणाल्या. "भर तिथं बारा. एक शिंक आली तर कुणी मरत नाही. बारा सेकंद ताप टिकला, तर मग उठ म्हणावं."

बारा भरले. जतन केलं. डबा पुन्हा सुरू झाला आणि दूर कुणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसा वाजत राहिला.

गुरुवारी सकाळी हॅलोबाईंनी पाच पानं वाचून पाहिली. पंखा चढेना. वाचता वाचता त्या एका डोळ्यानं ताप बघत होत्या, कारण नणंदबाईंनी ताप दाखवणारी चौकट पडद्याच्या कोपऱ्यात उघडीच ठेवायला लावली होती. ताप एकसष्टला जाऊन बसला होता. घाटाच्या पायथ्याशी. जरा जास्त वेळ वाचलं तर चढणारच.

हे का, याचा विचार त्या भेंडी चिरताना करत राहिल्या. एक्स्चेंजमध्ये सकाळी दहाला सगळ्या गावाचे फोन एकदम यायचे आणि फोन जोडायच्या फळीमागची पेटी तापून वार्निशचा वास सुटायचा. पेटीचा दोष नसायचा, एकाच वेळी दोन-दोन कामं तिच्या गळ्यात पडायची. मग या डब्याच्या गळ्यात दुसरं काम कुठलं? त्या एकटीच तर बोलत होत्या.

सुरी हातात तशीच धरून त्या खोलीत गेल्या. वर्षापूर्वी चिटणीसांनी सांगितलं होतं, 'बाई, मागचा आवाज काढून टाकणारी एक गाळणी आहे, ती वाचताना चालू ठेवा.' तेव्हापासून ती चालूच होती. त्यांचा प्रत्येक शब्द डबा चाळत बसायचा, जिवाच्या आकांतानं, पंख्याचा आवाज काढून टाकण्यासाठी. त्या चाळण्यानं तापायचा. तापला की पंखा चढायचा. पंखा चढला की चाळायला आणखी आवाज!

"वन्सं!" हॅलोबाईंनी हाक मारली. "इकडं या. हा स्वतःच्याच खोकल्याचं औषध घेऊन आजारी पडलाय!"

गाळणी बंद केली. पुन्हा पाच पानं. ताप एक्कावन्न. वाचून झाल्यावर, डबा मोकळा असताना गाळणी फिरवता येतच होती. नणंदबाईंनी दोन्ही आकडे वहीत लिहून खाली रेघ मारली. हॅलोबाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी लगोलग पंपकाकांना फोन लावला, कारण एवढं मोठं कोडं आपण एकटीनं सोडवलं, हे कुणाला तरी सांगणं भागच होतं.

"शाबास," पंपकाका म्हणाले, आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या तोंडून न ऐकलेला तो शब्द हॅलोबाईंनी फोन ठेवल्यावर दोनदा म्हणून पाहिला.

शुक्रवारी त्या वादळात उतरल्या. काठी मोडली, दोर तुटले, डोंगराएवढी लाट आली आणि या वेळी ती शेवटपर्यंत आली. अठ्ठेचाळीस मिनिटं. खानसामा कमरेला दोर बांधून समुद्रात पडला, आणि प्रकरण तिथंच संपलं. बाहेर आल्या तेव्हा टॉवेल वाळून कडक झाला होता. फाइल पाठवली.

शनिवारी अकराला सभा होती. साडेबारा वाजले, एक वाजला. नणंदबाईंनी तीन वेळा फोन उचलून तो चालू आहे का बघितलं. हॅलोबाई भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसल्या आणि दाणे टरफलात, टरफलं दाण्यांत टाकत सुटल्या.

दोनला फोन आला. चिटणीस होते, पण आज मऊ नव्हते, वैतागले होते.

"बाई, सभा संपतच नाही हो! पाच मिनिटं ऐकवायची म्हणून लावलं, तर बंद करू देईनात. अठ्ठेचाळीस मिनिटं ऐकलं. आणि संपल्यावर सगळे माझ्या अंगावर, पुढचं लावा, पुढचं लावा! खानसामा वाचला का? मी कुठून सांगू? तुम्हाला माहीत आहे का?"

"मला कसं माहीत असेल? पुढचं मी अजून वाचलंच नाही."

"तुम्हीही नाही?" चिटणीस हताश झाले. "तिकडं दोघांची पैज लागलीय."

"पण ठरलं काय? ती सूचना?"

"सूचना... अरे हो. मत घ्यायचं राहिलंच. ज्यांनी मांडली होती ते म्हणाले, माझी सूचना पुस्तकाला नको, सभेचं इतिवृत्त वाचायला ठेवा, ते यंत्राच्या आवाजात ऐकवलं तर सभा लवकर आटपेल. चोविसावं प्रकरण कधी देता? सोमवारी? रविवारी नाही का जमणार?"

हॅलोबाईंनी उत्तर द्यायच्या आत पलीकडं ओढाओढ झाली आणि खरखरीत आवाज आला.

"बाई, एक्केचाळिसाव्या मिनिटाला तुमचं पोट बोललं."

"उपाशीपोटी वाचते मी," हॅलोबाई लाजल्या. "आणि पंखा?"

"आहे की. पहिल्या दोन मिनिटांत भेटला, रामराम केला. मग लाटा आल्या आणि कुठं गेला कळलं नाही." मागून माणसं मोठमोठ्यानं बोलत होती, कुणीतरी कप्तानाला नालायक म्हणत होतं. "ऐका, बाकीच्या पाच वाचकांच्या पुस्तकांतही हाच वारा आहे. यंत्रं तीच, ग्रंथालयानं एकदम घेतलेली. मी त्यांना तुमचा नंबर दिलाय. आणि मेट्रनबाईंना सांगा, शेवटचा ठिपका पंचाहत्तरलाच ठेवलाय ना, ते मी विचारलं म्हणून."

"पंचाहत्तरलाच आहे म्हणावं!" नणंदबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून गरजल्या.

फोन ठेवला तसा पाच मिनिटांत पुन्हा वाजला. पलीकडं गावाच्या दुसऱ्या टोकाचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, लहान मुलांची पुस्तकं वाचणारे. बिचकत बिचकत त्यांनी विचारलं, "बाई, माझ्या डब्यावर मी उशी बांधलीय. ती ठेवली तर चालेल का?"

हॅलोबाईंनी पाठ ताठ केली. एक्स्चेंजच्या खुर्चीत बसल्यासारखा त्यांचा आवाज लागला, स्वच्छ आणि भरदार.

"नमस्कार. लाइनवर राहा. आधी उशी काढा. काढलीत? आता हात लावून बघा, तापलाय का. घाबरू नका. पुस्तिका जवळ आहे? नाही? मग मी वाचते, तुम्ही करत जा. पान एक्केचाळीस..."

पोस्टमास्तरांचं डिलीटच्या कळीवर अडलं, त्यांच्याही बायकोनं हात धरला होता. तिला समजवायला फोन नणंदबाईंकडं द्यावा लागला. अर्ध्या तासानं दोघी मोकळ्या झाल्या. गॅलरीतलं ऊन कठड्यावरून खाली सरकलं होतं.

"वहिनी," नणंदबाई परातीकडं बघत म्हणाल्या, "हे काय करून ठेवलंयस? निम्मी टरफलं दाण्यांत आहेत."

"द्या इकडं," हॅलोबाई म्हणाल्या. त्यांनी परात मांडीवर ओढली आणि टरफलं वेचायला सुरुवात केली.